वय नको, यादी दाखवा

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचा विषय निघाला की वाद ठरलेल्या वाटेनेच जातो. एक बाजू म्हणते, १९६९ सालच्या भट्ट्या आहेत, आता मोडीत काढा. दुसरी म्हणते, शास्त्रज्ञांनी तपासल्या आहेत, तुम्हाला त्यातलं काय कळतं? पहिलीचा सगळा भर वयावर, दुसरीचा अधिकारावर. मुद्द्याचा प्रश्न दोघांचाही विचारायचा राहून जातो: या केंद्रातल्या कुठल्या पाइपाची, कुठल्या जोडापाशी, शेवटची मोजणी कधी झाली, कोणत्या पद्धतीने झाली आणि त्यात काय आढळलं? माझं म्हणणं असं, की अणुवीज केंद्रातला पाइप दगा देतो तो निव्वळ जुना झाला म्हणून नाही. ज्या जागी तो झिजत होता किंवा तडकत होता, ती जागा तपासणीच्या यादीतच नव्हती, किंवा असली तरी तिथे भलत्याच आजाराचा शोध चालू होता, म्हणून तो दगा देतो. ही यादी आपल्याकडे केंद्र चालवणारे आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे यांच्यातच फिरते. ती तपशिलासह लोकांसमोर यायला हवी.

आधी आजार समजून घेऊ. तारापूरच्या या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या आराखड्याच्या. भट्टीत इंधन असतं त्या गाभ्यातलं पाणी पंपाने सतत फिरवत ठेवणाऱ्या मोठ्या पाइपांना रीसर्क्युलेशन पाइप म्हणतात आणि त्या पिढीत ते साधारणपणे ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे असत. वेल्डिंग करताना जोडालगतचा धातू तापतो. त्यातला कार्बन क्रोमियमला धरून धातूच्या कणांच्या सीमेवर जाऊन बसतो आणि सीमेलगतच्या चिंचोळ्या पट्टीत क्रोमियम उरत नाही. गंजापासून वाचवणारं तेच, आणि तेच तिथून गेलेलं. वेल्ड थंड होताना आक्रसतो, त्याचा ताण धातूत अडकून राहतो. भट्टीतल्या किरणोत्साराने पाण्याचे रेणू फुटतात, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन असतोच. दुबळा झालेला धातू, अडकलेला ताण आणि ऑक्सिजन मिसळलेलं गरम पाणी हे तिन्ही जमून आले की कणांच्या सीमेसीमेने तडा सरकू लागतो. हाच ताणाचा गंज. त्याची सुरुवात पाइपाच्या आतून होते. बाहेरून पाहणाऱ्याला पाइप ठणठणीत दिसतो. अमेरिकेत १९७४ साली ड्रेस्डेनसारख्या केंद्रांत लहान पाइपांमध्ये अशा तडा सापडल्या, तेव्हा मोठ्या पाइपांत हे होणार नाही असा बऱ्याच जणांचा समज होता. १९८२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या नाइन माइल पॉइंट केंद्रात मोठ्या रीसर्क्युलेशन पाइपांतच त्या निघाल्या आणि तो समज संपला. पुढे जगभर अशा केंद्रांनी हे पाइप कमी कार्बनच्या, अशा तडांना दाद न देणाऱ्या स्टीलचे घातले किंवा जोडांवर इतर उपाय केले. तारापूरच्या दोन्ही भट्ट्या २०२० मध्ये थांबवून हे पाइप बदलण्याचं मोठं काम हाती घेण्यात आलं.

हे काम झालं म्हणजे प्रश्न मिटला, असं एका बाजूला वाटतं. पन्नाशी उलटलेल्या भट्टीत नवे पाइप घालून काय उपयोग, असं दुसऱ्या बाजूला वाटतं. दोन्हीकडे एकच गृहीतक आहे: नवं म्हणजे सुरक्षित, जुनं म्हणजे धोक्याचं. आपल्या इतिहासात तरी या गृहीतकाला आधार आहे का? १९६१ च्या जुलैत पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते शंभर वर्षांचं नव्हतं. ते पुरतं बांधूनही झालं नव्हतं. पोलादाच्या टंचाईत सळयांशिवाय घातलेल्या काँक्रीटच्या नळात त्याचं मरण दडलेलं होतं. अणुकेंद्रांच्या पाइपांचंही असंच आहे. फ्रान्समधल्या सिव्हो केंद्रातली पहिली भट्टी जेमतेम पाच महिने चालली होती, तेव्हा, मे १९९८ मध्ये, तिच्या एका पाइपाच्या वळणावर १८० मिलिमीटर लांबीची आरपार तडा गेली. गरम आणि गार पाणी जिथे मिसळत होतं तिथे धातू सतत तापत-निवत होता आणि त्या थकव्याने तो उलला. त्याच सिव्होत २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये दहा वर्षांच्या मोठ्या तपासणीत गाभ्याला आणीबाणीत पाणी पुरवणाऱ्या पाइपांवर ताणाच्या गंजाच्या तडा सापडल्या. मग शोध घेत गेल्यावर जे दिसलं ते वयाचा हिशेब मांडणाऱ्यांनी नीट वाचावं. तडांचा सर्वाधिक त्रास देशातल्या सर्वांत नव्या, मोठ्या भट्ट्यांना होता. ९०० मेगावॉटच्या जुन्या भट्ट्यांना तो फारसा नव्हता. नव्या आराखड्यात त्या पाइपांची मांडणी बदलली होती आणि पाण्याचे गरम-गार थर साचून धातूवर जो ताण येतो तो तिथे जास्त येत होता. पुढच्या महिन्यांत फ्रान्सच्या कितीतरी भट्ट्या एकदम बंद ठेवाव्या लागल्या आणि २०२२ मध्ये त्यांचं अणुवीज उत्पादन तीन दशकांतल्या नीचांकावर आलं.

२०२३ च्या मार्चमध्ये फ्रान्सच्याच पेन्ली केंद्रात निघालेलं प्रकरण तर मला या सगळ्या वादाचं सार वाटतं. पाइपाची भिंत २७ मिलिमीटर जाडीची, आणि तडा २३ मिलिमीटर खोल. म्हणजे शिल्लक राहिला चार मिलिमीटर धातू. ही पाइपरचना अशा तडांना बळी पडणारी नाही असं ठरल्यामुळे त्या जोडाचा क्रम मागे होता. पण केंद्र बांधतानाच तो वेल्ड बिघडला होता आणि दोनदा दुरुस्त करून बसवला होता. त्या दुरुस्तीने अडकलेला ताण कुठल्याही आकडेमोडीत धरलेला नव्हता. ज्याने वेल्ड दुरुस्त केला त्याच्या कामाचा कागद होता, ज्याने तपासणीचा क्रम लावला त्याच्यासमोरही कागद होता. या दोन कागदांची गाठ तीस वर्षांनी पडली. यात वय कुठे आलं?

आता जपानमधलं मिहामा. ९ ऑगस्ट २००४. तिसऱ्या भट्टीच्या टर्बाइन इमारतीत कामगार काही दिवसांवर आलेल्या वार्षिक शटडाउनची तयारी करत होते. त्यांच्या डोक्यावरचा ५६ सेंटिमीटर व्यासाचा, साध्या कार्बन स्टीलचा पाइप फुटला. आत सुमारे १४० अंशांचं पाणी दाबाखाली होतं. बाहेर येताच त्याची वाफ झाली. पाच जण मेले, सहा जण भाजून जखमी झाले. ती वाफ किरणोत्सारी नव्हती, पण भाजून मरायला किरणोत्सार लागत नाही. मूळ १० मिलिमीटर जाडीची भिंत फुटल्या जागी दीड मिलिमीटरहून कमी उरली होती. गंजरोधक ऑक्साइडचा पातळ थर वाहत्या पाण्यात हळूहळू विरघळत जातो, नवा थर धरतो, तोही जातो, आणि पाइप आतून कातला जातो. हे सर्वांत वेगाने होतं ते याच तापमानाच्या आसपास आणि जिथे प्रवाह खवळतो तिथे: वळणापाशी, प्रवाह मोजणाऱ्या अरुंद चकतीच्या पुढे. मिहामाची जागा नेमकी अशा चकतीच्या पुढची होती. ही झीज जगाला ठाऊक होती, तपासायच्या जागांची यादीही होती. फक्त ही एक जागा त्या यादीत टाकायची राहून गेली होती. १९७६ मध्ये भट्टी सुरू झाली तेव्हापासून २८ वर्षांत त्या जागेची जाडी कोणी एकदाही मोजली नाही. जाडी मोजायचं यंत्र हातात मावतं. पाइपावरचं आवरण काढून, जेल लावून प्रोब, म्हणजे यंत्राचं ध्वनिलहरी सोडणारं टोक, टेकवलं की आकडा समोर येतो. २८ वर्षांत ते काही मिनिटांचं काम झालं असतं तर ती पाच माणसं घरी गेली असती.

मिहामाच्या आधी अमेरिकेतलं सरी होतं. ९ डिसेंबर १९८६ रोजी व्हर्जिनियातल्या त्या केंद्राच्या दुसऱ्या भट्टीत पाणी पुरवणाऱ्या पाइपाचं १८ इंची वळण फुटलं आणि चार कामगार गेले. केंद्र तेव्हा १३ वर्षांचं होतं. झिजेची पाहणी तिथेही होत असे, पण ती वाफ आणि पाणी एकत्र वाहणाऱ्या पाइपांची. नुसतं पाणी वाहणाऱ्या पाइपांना तसा धोका नाही, असं धरून चालले होते. पुन्हा तेच: यंत्र चुकलं नाही, मोजणारा चुकला नाही, मोजायची जागा चुकली.

यावर तंत्रज्ञांकडून एक उत्तर येतं, आणि ते हलकं उत्तर नाही. ते म्हणतात, भट्टीच्या मुख्य पाइपांचा धातू चिवट असतो. तडा गेली तरी पाइप एकदम दुभंगत नाही. आधी थेंब थेंब गळती होते, ती उपकरणांना कळते आणि भट्टी सुरक्षितपणे बंद करायला वेळ मिळतो. आधी गळती, मग फूट. हे नुसतं आश्वासन नाही. त्यामागे फ्रॅक्चर मेकॅनिक्सचं, म्हणजे तडा कशी वाढते हे सांगणाऱ्या शास्त्राचं, भक्कम गणित आहे, मोठ्या पाइपांवर मुद्दाम तडा पाडून केलेल्या चाचण्या आहेत आणि आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही असं काम झालं आहे. ज्या पाइपांना ते लागू पडतं तिथे मी ते मान्य करतो. पण ते कुठे लागू पडत नाही हे या शास्त्रानेच सांगून ठेवलं आहे. जिथे वाहत्या पाण्याने भिंत सर्वदूर पातळ होते, जिथे ताणाच्या गंजाची शक्यता खुली आहे, जिथे पाण्याचे दणके बसतात, तिथे हा युक्तिवाद वापरायला अमेरिकी नियामकाची मनाई आहे. मिहामात आणि सरीत गळतीने पूर्वसूचना दिली नाही. सगळी भिंतच कागदासारखी झाल्यावर गळायला वेगळं भोक कशाला हवं? कॅनडात पिकरिंग केंद्रात १ ऑगस्ट १९८३ रोजी इंधन धरणारी दाबनळी अशीच पूर्वसूचना न देता दोन मीटर उकलली. नळीच्या धातूत हायड्रोजनचे फोड धरले होते आणि ते तिथे धरतील अशी अपेक्षा नव्हती.

आपल्याकडचं काक्रापार याच माळेत बसतं. ११ मार्च २०१६ रोजी गुजरातेतल्या या केंद्राच्या पहिल्या भट्टीत दाबनळीतून जड पाण्याची गळती झाली आणि भट्टी बंद करावी लागली. शोध घेतल्यावर गंज सापडला तो नळीच्या बाहेरच्या अंगावर, जिथे नळीभोवती कार्बन डायऑक्साइड वायू खेळवलेला असतो त्या बाजूला. आतल्या बाजूच्या दुखण्यांकडे, म्हणजे हायड्रोजन, नळीचं वाकणं, तिचं लांबणं यांच्याकडे, आपल्या लोकांचं बारीक लक्ष होतं. त्यासाठी भाभा केंद्राने स्वतःची तपासणी यंत्रणा घडवलेली आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. दगा आला तो जिकडे कोणी वाट पाहत नव्हतं तिकडून. या घटनेनंतर सगळ्या नळ्या बदलून भट्टी पुन्हा सुरू करण्यात आली. काम उत्तम झालं असेल, मला त्यात शंका नाही. पण बाहेरच्या अंगाची तपासणी आता कुठल्या केंद्रात, किती नळ्यांची, किती वर्षांनी होते, हे सामान्य माणसाला कुठे वाचायला मिळतं?

इथे दुसरा, अधिक अवघड आक्षेप येतो. सगळ्या जागा तपासणं शक्यच नाही. एका केंद्रात वेल्डचे जोड हजारोंनी असतात. रीसर्क्युलेशन पाइपाचा एक जोड अल्ट्रासॉनिकने, म्हणजे ध्वनिलहरींनी, तपासायचा म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. आधी पाइपावरचं आवरण काढायचं, वेल्डचा उंचवटा घासून सपाट करायचा, जेल लावायचं, तिरका प्रोब पुढे-मागे सरकवत पडद्यावरच्या लाटा वाचायच्या. वेल्डचं मूळही प्रतिध्वनी देतं, आतली खाचही देते आणि तडाही देते; स्टेनलेस वेल्डचे जाडसर कण ध्वनीला वाकवतात, विखुरतात. हे सगळं अंगावर संरक्षक पोशाख चढवून, छातीवर किरणोत्साराची मात्रा मोजणारं डोसिमीटर लावून, घड्याळाकडे पाहत. आपल्या नियमांनुसार कर्मचाऱ्याला एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा घेता येत नाही आणि पाच वर्षांची सरासरी २० च्या वर जाता कामा नये. म्हणजे तपासणीचा प्रत्येक जोड कुणाच्या तरी शरीराच्या हिशेबात लिहिला जातो. त्यातूनही माणूस चुकतो. नाइन माइल पॉइंटच्या प्रकरणानंतर अमेरिकेत तपासनिसांना खऱ्या तडा असलेल्या नमुन्यांवर आपलं कसब सिद्ध करून दाखवावं लागू लागलं, ते उगाच नाही. तेव्हा सरसकट सगळं तपासा, ही मागणी करणारा त्या कामगारांचा विचार करत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. नमुने निवडावेच लागतात. पण निवड करावीच लागते, म्हणून तर निवडीची कारणं उघड हवीत. हजारातले शंभर जोड तपासायचे ठरले, तर उरलेले नऊशे का सोडले हे कोणीतरी, केंद्राच्या बाहेरच्या जाणकाराने, विचारायला हवं. मिहामाची यादी चार परक्या डोळ्यांखालून गेली असती तर चकतीच्या पुढची जागा कुणाच्या तरी नजरेत भरली असती. अशा सगळ्या चकत्यांच्या पुढच्या जागा यादीत असायच्याच होत्या. त्यातली एक गाळलेली दिसायला फार मोठं ज्ञान लागत नाही.

आणि मग नेहमीचा शेवटचा गड: हे आकडे जाहीर केले तर लोक घाबरतील. पेन्लीची २३ मिलिमीटरची तडा फ्रान्सच्या नियामक संस्थेने लांबी-खोलीसह आपल्या संकेतस्थळावर टाकली. पॅरिस रिकामं झालं नाही. अमेरिकेत केंद्रांच्या तपासणीचे अहवाल आणि घटनांच्या नोंदी वर्षानुवर्षे कुणालाही वाचता येतात. लोकांचा विश्वास गेला तो कुठे गेला? जपानमध्ये, २००२ साली, जेव्हा टेपको या वीज कंपनीने गाभ्याभोवतीच्या आवरणातल्या तडांच्या नोंदी अनेक वर्षं दडवल्या किंवा बदलल्याचं उघड झालं. वरिष्ठांना राजीनामे द्यावे लागले आणि पुढच्या वर्षी कंपनीच्या सगळ्या १७ भट्ट्या तपासणीसाठी बंद होत्या. त्या तडांपैकी पुष्कळशा तशा गंभीर नव्हत्याही. उघड सांगितल्या असत्या तर त्यांची एक रुक्ष नोंद झाली असती.

मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट ही इथल्या प्रत्येक सोसायटीच्या सभेत भांडणाची बाब आहे. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीबाहेरचा हिमालय पूल कोसळून सात माणसं गेली. त्या पुलाचं ऑडिट झालेलं होतं आणि त्यात किरकोळ दुरुस्ती पुरे असा शेरा होता. ‘ऑडिट झालंय’ एवढं लोकांना सांगणं पुरेसं होतं का? कुठला गर्डर पाहिला, तो खरवडून पाहिला की खालून नजर टाकली, हे कुणी विचारू शकलं असतं तर? अणुकेंद्रांबाबत आपण अजून ‘ऑडिट झालंय’ याच पायरीवर उभे आहोत. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली सरकारी आदेशाने स्थापन झालं. त्याच्या स्वायत्ततेबद्दल महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात कडक शब्दांत प्रश्न उपस्थित केले होते. मंडळातली माणसं कमी प्रतीची आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. पण चांगल्या माणसांनाही बाहेरून प्रश्न आले की त्यांचा हात बळकट होतो. केंद्र चालवणाऱ्याला ‘ही जागा पुन्हा मोजा’ म्हणताना नियामकाला लोकांचा आधार हवा असतो.

भट्ट्या बंदच करा म्हणणाऱ्यांचाही एक मुद्दा राहतो आणि तो मी टाळणार नाही. फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीशी तारापूरचं कूळ मिळतं-जुळतं आहे, आणि फुकुशिमाच्या त्या भट्टीला आणखी दहा वर्षं चालवायची परवानगी अपघाताच्या महिनाभर आधी मिळाली होती. तिथे पाइपांनी नव्हे, त्सुनामीने आणि वीज गेल्याने घात केला हे खरं, पण जुन्या आराखड्यात काही गोष्टी पाइप बदलून सुधारत नाहीत, हेही तितकंच खरं. भिंतींची जाडी, जागेची अडचण, तपासणीसाठी हातच पोहोचत नाही असे कोपरे, हे सगळं १९६० च्या दशकात ठरून गेलं. म्हणून माझा आग्रह असा, की कोपऱ्यात हात पोहोचत नसेल तर तसं लिहा. ‘या जोडाची तपासणी करता येत नाही, तरीही तो सुरक्षित आहे असं आम्ही या कारणांसाठी मानतो’ हे वाक्य छापील स्वरूपात समोर आलं की मगच ते कारण पटतं की नाही यावर खरा वाद होऊ शकतो. आणि कारण पटलं नाही, तर भट्टी बंद ठेवण्याची मागणी मीही करेन.

तारापूरपुरतं बोलायचं तर मागायच्या गोष्टी अगदी ठोस आहेत. नव्या पाइपांच्या प्रत्येक वेल्डची चालू करण्यापूर्वीची पहिली मोजणी, कारण पुढची तीस वर्षं तुलना तिच्याशीच होणार आहे. कुठला वेल्ड बांधताना बिघडून दुरुस्त केला त्याची नोंद, म्हणजे पेन्लीसारखी गाठ तीस वर्षांनी पडायला नको. टर्बाइनच्या बाजूच्या कार्बन स्टीलच्या पाइपांची जाडी कुठे कुठे आणि कधी मोजली. आणि सर्वांत महत्त्वाचं, जे बदललं नाही त्याची यादी: कुठले पाइप, कुठले जोड मूळचेच राहिले, आणि का. केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरच्या टापूत चिंचणी, घिवली, दांडी, बोईसर येतात. काही बिघडलंच तर काय करायचं याचे सराव या टापूसाठी होतात. बिघडू नये म्हणून काय मोजलं, हे मात्र तिथल्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर कधी लागलेलं नाही. ते मराठीत लिहून तिथे लावावं आणि दर शटडाउननंतर बदलावं.